भरलेले ड्रम

"भामाबाई, घागरी आणा. आज माझ्याकडचं न्या पाणी!" चांगुणाबाईंनी दारातून शेजारणीला हाक मारली आणि सगळी गल्ली चाट पडली. लातुरात माणूस एक वेळ अंगावरचं सोनं उसनं देईल, पण साठवलेलं पाणी देताना दहादा विचार करेल. त्यात चांगुणाबाई म्हणजे तांब्याभर देतानाही तोंड वाकडं करणाऱ्या. नळ कालच येऊन गेला होता, पुन्हा आठवड्यानं येणार होता. तरी बाई पदर खोचून ड्रम उपसत होत्या.

हे सगळं सुनेच्या वायफायसाठी चाललं होतं.

तनुजा मागच्या खोलीत बसून हैदराबादच्या एका कंपनीसाठी मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. शिकवायची झकास. पण महिनाभर तिचा आवाज मध्येच तुटत होता, चित्र गोठत होतं. कंपनीकडे पालकांच्या तक्रारी गेल्या. शेवटी कंपनीनं कळवलं, आजचा तास आमच्या मोठ्या मॅडम ऐकतील; आजही तुटला तर काम थांबवू.

तनुजा हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं सगळं वाचून समजून घेतलं होतं. आपण बोलतो ते लहान लहान पाकिटांत बांधून पाठवलं जातं आणि काही पाकिटं वाटेत गळतात. कुठं गळतात ते शोधता येतं. लॅपटॉपवरून आधी घरातल्या राऊटरलाच हाक मारायची. त्यानं नीट ओ दिली तर दोष बाहेरच्या लाइनचा, नाही दिली तर घरातला. तिचा राऊटर बोलता बोलता मुका व्हायचा. म्हणजे दोष घरातच होता.

संशय गेला तो सासूवर. सून दार लावून कानाला डबडं लावून बसते, हे चांगुणाबाईंना कधीच पटलं नव्हतं. त्याच गुपचूप राऊटरचं बटण बंद करत असणार, असं तनुजानं नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

"आईला कामून बोल लावतीस?" वैजनाथ हसला होता. "मधल्या बोळीत बघ की. ड्रमच ड्रम हायेत. पाणी वायफाय पिऊन टाकतं, तनू."

वैजनाथ समोरच्या खोलीत शाळेच्या पोरांची शिकवणी घ्यायचा. यंदा पोरं जरा कमीच होती. राऊटरही त्याच खोलीत, त्यामुळे तनुजाला तास घ्यायला तिथं बसता येत नव्हतं. पाण्याचं त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तिनं ताडून पाहिलं, पाणी त्या लहरी खरंच शोषतं. आणि वैजनाथ तर पहिल्यापासून तिच्या पाठीशी होता. नोकरीवरून आईशी तोच भांडला होता. "आमची मॅडम हैदराबादला शिकवते," असं गावभर तोच मिरवायचा. अशा नवऱ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

तिनं ड्रमचं सासूला सांगितलं, तेव्हा चांगुणाबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग उठल्या आणि भामाबाईंना हाक मारली.

"आत्याबाई, राहू द्या. आठ दिवस कसं करायचं?"

"करू कायतरी. तुजा तास होऊ दे, माय."

सासूवर संशय घेतल्याची तनुजाला मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी तास सुरू झाला. आवाज स्वच्छ होता. मोठ्या मॅडम मान हलवत ऐकत होत्या. अपूर्णांकांचा भागाकार रंगात आला आणि चित्र गोठलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मग आलंच नाही. तनुजानं लॅपटॉप उचलला, रिकाम्या ड्रमांतून वाट काढत ती समोरच्या खोलीत गेली आणि तिनं तो थेट राऊटरशेजारी ठेवला. शिकवणीची पोरं बघतच राहिली. लॅपटॉप तिथंही जोडला जाईना.

मागून चांगुणाबाई आल्या. त्यांचं लुगडं ओलंचिंब होतं. "आता तर मधी पानी न्हाई," त्या लेकाला म्हणाल्या. "मग?"

"लाइन खराब असंल," वैजनाथ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

लाइन खराब असती तर लॅपटॉप राऊटरला तरी जोडला गेला असता. एवढं तनुजाला आता कळत होतं. तिनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला. त्यावर राऊटरचं ॲप उघडं होतं. तिच्या लॅपटॉपचं नाव होतं आणि त्यासमोरचं बटण बंद होतं. तिनं ते चालू केलं. लॅपटॉप लगेच जोडला गेला. पडद्यावर मॅडम नव्हत्या, मुलंही नव्हती. कंपनीचा निरोप तेवढा होता. काम थांबवलं होतं.

"तुम्ही?" तिच्या तोंडून एवढंच निघालं. सासूनं केलं असतं तर ती भांडली असती, रडली असती आणि चार दिवसांनी विसरलीही असती. पण महिनाभर रोज हा माणूस तिच्यासाठी चहा घेऊन यायचा आणि विचारायचा, आज तास कसा झाला?

वैजनाथनं पोरांना घरी पाठवलं. शेवटचं पोर दाराबाहेर जाईपर्यंत तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "पालक म्हणायलेत, तुमच्या मॅडम शिकवणार असतील तरच पोरं धाडतो. तुला ये म्हणायची लाज वाटली मला. म्हटलं, ती नोकरी सुटली की तू आपसूकच येशील."