तिसरा वस्तरा

"मामा, माझी हजामत या वस्तऱ्यानं करा," म्हणत थोरल्यानं खिशातून नवाकोरा वस्तरा काढला. नदीकाठी वडिलांच्या, नानांच्या दहाव्याला जमलेली भाऊकी बघतच राहिली. आजवर घरातल्या प्रत्येक मयतीला सगळ्यांची डोकी गावचे न्हावी दगडूमामांच्या एकाच वस्तऱ्यानं झाली होती.

"शहरात राहून फारच सोवळा झालास रे," काका फणकारले. थोरल्यानं वस्तरा मामांच्या हातात दिला. उन्हाळ्यात त्याच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी निघाला होता. गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "तुमचा वस्तरा दुसऱ्या कुणाला लावू नका. आणि भावांचं रक्त तपासून घ्या, हा आजार बऱ्याचदा अख्ख्या घरात असतो." पहिलं त्यानं पाळलं. दुसरं सांगायला जीभ रेटली नाही. दारूला कधी न शिवलेले नाना लिव्हर सडून गेले, तेव्हाही नाही.

त्याचं झाल्यावर मधला पुढे आला. खाली मान घालून त्यानंही पिशवीतून स्वतःचा वस्तरा काढला. दोघांची नजरानजर झाली आणि न बोलताच सगळं कळलं.

"मला नकोत बाबा असली थेरं," धाकटा पाटावर बसत म्हणाला. "मामा, तुमचाच चालवा." मामांनी जुना वस्तरा चामड्यावर घासला. मागे चुलतभाऊ शर्ट काढून रांगेत उभे होते.

थोरला धाकट्यासमोर वाकला. उन्हात धाकट्यानं मान वर केली. दहा दिवस रडून त्याचे डोळे लाल व्हायला हवे होते. ते पिवळे होते.