उतारावर घसरणारा पट्टा

"उतार आला की पाती थांबतात," व्हर्ना म्हणाली. "इंजिन नुसतं ओरडतं, गवत जागच्या जागी."

ट्रेंट हसला. गवत कापायच्या गाडीची चावी काढून त्याने प्लगची वायर सोडवली आणि पात्यांचा डबा खालून ओढून बाहेर घेतला. तो गावातून चालत आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

"आत खुंटीवर टोपी आहे, घाल. ऊन लागेल."

"राहू दे."

दर शनिवारी ती सांगे, दर शनिवारी तो नको म्हणे.

पाती फिरवणाऱ्या पट्ट्याची आतली बाजू घासून चकचकीत झाली होती. पण ट्रेंटने आधी ताण देणारी पुली ढकलून पाहिली. ती हलेना. तिच्या सांध्यात वाळकं गवत ठासून बसलं होतं. मग स्प्रिंगने कितीही ओढलं तरी पट्टा सैलच. त्याने सांधा खरवडून मोकळा केला, ग्रीस भरलं, नवा पट्टा खाचांतून नीट बसवला.

व्हर्ना पालथ्या बादलीवर बसून बघत होती. त्याचे केस टाळूवर विरळ व्हायला लागले होते. चाळिशी जवळ आली की असंच होत असेल, तिच्या मनात आलं, आणि तिने नजर वळवली.

"जेवून जा. खिम्याचा मीटलोफ केलाय."

"तुम्ही उगाच त्रास घेता." तो बराच वेळ हात पुसत राहिला. "आम्ही ओहायो सोडतोय. बायकोला तिच्या माहेरगावी नोकरी लागलीय. आता शनिवारी यायला जमायचं नाही."

"कधी?"

"पोरींची शाळा सुरू व्हायच्या आत. म्हणून आज जरा जास्तच नीट केलंय. घसरणार नाही आता."

व्हर्नाने पायाजवळचं गवत उपटलं, टाकून दिलं.

"जायच्या आधी पोरींना घेऊन ये. इतक्या वर्षांत एकदा आणल्या नाहीस."

"खरंच आणू?"

"मग काय, चेष्टा करते मी?"

त्याने मान हलवली, पण वर पाहिलं नाही. डबा परत चढवून, गाडीवर बसून तो घरामागच्या उताराकडे निघाला.

कुंपणापलीकडे ग्लेनिस आली. ती या वसंतातच शेजारी राहायला आली होती. तिने रुबार्बच्या आंबट देठांची जुडी व्हर्नाच्या हातात दिली आणि गाडीकडे बघत राहिली.

"नशीब लागतं हो. आमचा साधा फोन करत नाही. तुमचा मुलगा बघा, एक शनिवार चुकवत नाही."

गाडी उतार चढत होती. पाती थांबली नाहीत. ती पार वर पोचेपर्यंत व्हर्ना बघत राहिली.

"माझा मुलगा एकोणिसाव्या वर्षी मोटारीच्या अपघातात गेला," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडी हा चालवत होता."