गाडीचा पंख

दिनकररावांचं वावर नव्या हायवेत गेलं. मिळालेल्या पैशात लेकानं, हरिओमनं, जुनी स्पोर्ट्स कार आणली. इतकी बुटकी, की ताडकळसच्या बाजारातल्या कोंबड्या तिच्याकडं खाली वाकून बघायच्या. वेग धरला की आपोआप वर उठणारा तिचा मागचा पंख, म्हणजे स्पॉयलर, धुळीनं अडकला होता. बापलेकांनी अंगणातच तो खोलला, डिझेलनं धुतला आणि दिनकररावांनी ट्रॅक्टरला भरावं तसं दाबून ग्रीस भरलं. हरिओम हायवेवर फेरी मारून आला तो नाचतच.

"आबा, शंभराच्या स्पीडला पंख वर आला!"

"कुठं रं?"

हरिओम घुटमळला. "आपली इहीर व्हती ना... बराबर तितं."

दिनकररावांनी ग्रीसचे हात धोतराला पुसले.

"चला, यंदाबी आपल्या वावरात कायतरी उगवलं म्हणायचं."