हाकोनची खुंटी

गावातली जुनी एकखोली शाळा दुरुस्त करून तिथं सगळ्यांसाठी सभागृह करायचं, असं आम्ही ठरवलं. समितीत सगळेच म्हातारे, त्यामुळे काम सावकाश आणि कॉफी वेळेवर. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवान प्रांतात त्या उन्हाळ्यात पावसाचा टिपूस नव्हता. तरी कोट टांगायच्या एका खुंटीखाली रोज सकाळी पाणी साचलेलं असे.

"छप्पर गळतंय," डेल सुतार म्हणाला.

"आभाळच गळत नाहीये, बाबा," मी म्हणालो.

तो वर चढला, उतरला आणि वाकून पाणी हुंगू लागला. "ओल्या लोकरीचा वास येतोय. उपटूनच टाकतो खुंटी."

"हात लावू नकोस," समितीतली सिग्ने म्हणाली. "ती हाकोनची आहे."

हाकोन म्हणजे तिचा थोरला भाऊ. लहानपणी हीच शाळा सुटल्यावर तो हिमवादळात निघाला आणि घरी पोचलाच नाही. त्या दिवशी सिग्ने तापानं घरी होती, नाहीतर दोघं बरोबरच निघाली असती.

त्यानंतर ती रोज फडकं घेऊन येई. "हातमोजे पिळायची अक्कल त्याला कधी नव्हतीच," असं पुटपुटत फरशी पुसे.

उद्घाटनाच्या दुपारी हाकोनच्या खुंटीखाली खडखडीत कोरडं होतं.

"बघा काकू, थांबलं की नाही आपोआप?" डेल म्हणाला.

सिग्ने शेजारच्या खुंटीकडे बघत होती. ती शाळेत असतानाची तिची स्वतःची खुंटी. खुंटीच्या टोकाशी एक थेंब जमला आणि आमच्यादेखत खाली पडला.

सिग्नेनं फडक्याची घडी घालून ती माझ्या हातात दिली. मग त्या रणरणत्या उन्हाळ्यात ती स्वेटरची बटणं एकेक करून गळ्यापर्यंत लावू लागली.