सुंदरबाईचा जबाब

“तुम्ही एकदा ‘मेला’ म्हणा, आक्का. पुढचं मी बघतो,” ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले.

सुंदरबाईने तोंड फिरवलं. “मना नवल जित्ता शे. तो येई.”

नवल सुरतेला कामाला गेला तो परतलाच नाही. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. सून कामिनीने पोलीस ठाण्याच्या खेपा घातल्या, तिच्या भावांनी सुरत पालथी घातली. पत्ता नाही. पारोळ्याजवळच्या गावातलं त्यांचं मातीच्या छताचं धाब्याचं घर मात्र दरवर्षी थोडं थोडं खचत होतं. विधवेला घर बांधायला सरकारी मदत मिळत होती. पण कामिनी कागदोपत्री विधवा नव्हती. कोर्टाने नवलला मृत ठरवायचं, तर त्याच्या आईचा जबाब हवा होता.

“मायच्या तोंडून कशाला वदवता?” कामिनी म्हणाली. “राहू द्या.”

पोळ्याच्या तोंडावर धाब्याचं मधलं लाकूड मोडलं. खाली नात मयुरी निजली होती. तिला मातीतून ओढून काढलं, तेव्हा तिचा डावा हात कोपरापासून लोंबत होता. हाड बसलं, पण बोटांत जोर काही आला नाही.

पोरीला दवाखान्यातून घरी आणलं आणि सुंदरबाई आपणहून भाऊसाहेबांकडे गेली.

कोर्टात ती न अडखळता बोलली. “मना नवल मरी गया.”

निकाल लागला त्या दिवशी कामिनीने मंगळसूत्र काढलं. सुंदरबाई जेवली नाही.

यथावकाश घर उभं राहिलं. विटांच्या भिंती, वर पत्रे. भाऊसाहेब फोटो काढायला आले.

“आता जबाब फिरवू नका, आक्का. दिलेलं सगळं परत घेतील, वर कामिनीवर गुन्हा.”

“मरेल मानूस कसा येई, भाऊसाहेब?”

पुढच्या वर्षीची दिवाळी सरली. एका संध्याकाळी ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. एक लंगडता माणूस दारासमोर थांबला. दाढी पिकलेली, गालफडं बसलेली. नव्या घराकडे तो नुसता बघत राहिला.

“कोनकडे जानं, भाऊ?” तिने विचारलं.

“माय,” तो म्हणाला.

सुंदरबाई उठली. जवळ गेली. दोन्ही हातांनी तिने त्याचा चेहरा चाचपला.

“कोन शे, माय?” आतून कामिनीने विचारलं.

सुंदरबाईने मागे वळून दाराला बाहेरून कडी घातली.

“कोनी नही. वाट चुकेल मानूस शे,” ती म्हणाली, आणि लेकाचा हात धरून त्याला फाट्याकडे घेऊन चालू लागली.