हातात घेतल्यावर कळतं

“लांबून खरी वाटते ना?” गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा विचारलं.

पहिल्या दोन वेळा दुकानदाराने नुसती हसून मान डोलावली होती. आता मात्र त्याने त्या माणसाकडे नीट पाहिलं. भर दुपारी अंगात जाकीट आणि त्याची चेन पार गळ्यापर्यंत. पायाशी एक लांबलचक पिशवी. आल्यापासून त्याने तिचा पट्टा हातातून सोडला नव्हता.

दुकान एअरसॉफ्टचं होतं. म्हणजे दिसायला हुबेहूब रायफली, पण उडतात त्यातून प्लॅस्टिकचे बारके मणी. सुट्टीच्या दिवशी मैदानात लुटुपुटूची लढाई खेळणारे हौशी लोक त्या घेऊन जात.

“कुठल्या मैदानावर खेळता?” दुकानदाराने सहज विचारल्यासारखं केलं.

“मी खेळत नाही.”

झालं! खेळत नाही, मग बाबा तुला हवीय कशाला?

“हिचे फायदे-तोटे सांगा ना,” तो काउंटरवरच्या रायफलीकडे बोट दाखवत म्हणाला. “खरे सांगा. विकायचे नकोत.”

आता हा प्रश्न म्हणजे दुकानदाराचं मर्मस्थान. संशय आला तरी जीभ थांबेना. “फायदे म्हणाल तर अंग धातूचं, वजन जवळपास खऱ्याइतकं. एकदा बॅटरी भरली की दिवसभर बघायला नको. नेम धरायची सवय होते आणि कुणाचा जीव जात नाही.”

“आणि तोटे?”

“पुष्कळ. जरा लांबचं म्हटलं की मणी वाऱ्यावर भरकटतो. थंडीत बॅटरी मान टाकते. आतली चाकं झिजली की पुन्हा माझ्या दारात. पण सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ती खरी वाटते. समोरच्याने घाबरून खरी झाडली की आटोपला कारभार!”

गिऱ्हाइकाने तिच्या नळीवरून बोट फिरवलं. “टोकाला हा नारिंगी रंग असतो, तो काळा करता येतो?”

“करू नये. खोटी ओळखायची खूणच ती.”

“करता येतो का, ते विचारलं.”

“कुणीही करेल. डबाभर रंग आणि पाच मिनिटं.”

“मग कोण ओळखेल? म्हणजे समजा, बँकेतली माणसं?”

दुकानदाराची नजर दाराबाहेर गेली. चौक ओलांडला की बँक. तिथे पैसे देण्या-घेण्याच्या खिडकीत त्याची बायको बसत असे, गेली अकरा वर्षं.

“कुठली बँक?”

“ही चौकातली. दुपारी या वेळेला सामसूम असते. काउंटरला एकच बाई. निळ्या काड्यांचा चष्मा लावतात त्या. त्यांना कळेल, ही खोटी आहे ते?”

तो चष्मा गेल्याच महिन्यात दुकानदाराने स्वतः पसंत केला होता. या मेल्याने बाईचा चष्मासुद्धा हेरून ठेवलाय! काउंटरखाली मोबाइल धरून त्याने कसाबसा मेसेज टाकला. ‘काउंटर सोड. आत जाऊन दार लावून घे. एक माणूस दरोड्याच्या तयारीत आहे.’

“त्यांना नाही कळणार,” तो वेळ काढत म्हणाला. “नुसतं बघून मलाही नाही कळणार. हातात घेतल्यावर कळतं.”

मोबाइल थरथरला. ‘अहो, काहीतरीच काय! आमचा बंदूकवाला जेवायला गेलाय, तो आला की सांगते त्याला.’

जेवायला गेलाय! म्हणजे या लबाडाने वेळही बरोबर साधलीय. दुकानदाराला बायकोचा असा राग आला की विचारू नका. जिवावर बेतलंय आणि हिला काहीतरीच सुचतंय! ‘मॅनेजरला सांग. आत्ताच्या आत्ता,’ त्याने लिहिलं.

तेवढ्यात गिऱ्हाइकाने दाराबाहेर एकदा पाहून घेतलं, पिशवी उचलून काउंटरवर ठेवली आणि चेन उघडली. आत काळी रायफल होती.

दुकानदार दोन पावलं मागे सरला. पाठ मांडणीला टेकली, वरचं खोकं धाडकन खाली आलं.

“घाबरू नका. तुम्ही म्हणालात ना, हातात घेतल्यावर कळतं? मग घ्या हातात,” तो माणूस हळूच म्हणाला. “आणि सांगा.”

दुकानदाराने ती घेतली. दस्त्यामागचं झाकण अंगठ्याने ढकललं. आत बॅटरी! नळीच्या टोकावर नख घासलं. काळ्याखालून नारिंगी रंग डोकावला. त्याचा जीव भांड्यात पडला, तो चक्क हसला.

“खोटी आहे हो! शंभर टक्के खोटी. हिने कबूतरसुद्धा मरायचं नाही.”

“नक्की?”

“माझ्या पोराची शपथ!”

माणूस मटकन स्टुलावर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काल पुसताना नळीतून एक पांढरा मणी पडला,” तो म्हणाला. “तेव्हापासून झोप नाही. एजन्सीवाले म्हणायचे, गोळ्यांच्या मॅगझिनला सील आहे, हात लावायचा नाही. नाही लावला.”

“कसली एजन्सी?”

त्याने जाकिटाची चेन खाली ओढली. आत खांद्यावर बिल्ला लावलेला गणवेश होता.

“जेवणाची सुट्टी संपली, निघतो मी,” तो रायफल पिशवीत घालत म्हणाला. “आठ महिने बँकेच्या दारात ही घेऊन उभा आहे. काउंटरवरच्या त्या बाई रोज म्हणतात, तुम्ही आहात म्हणून जिवाला घोर नाही. आता त्यांना काय सांगू?”