चौकटीतलं चीज

"अहो, पोस्टरवर भोकं कशी पलटणीसारखी ओळीत आहेत, आणि ही बघा, जत्रेत हरवल्यासारखी!" गिऱ्हाईक बाईंनी चीज दुकानदार उर्सकडे परत सरकवलं. सकाळपासूनची ही सातवी!

झालं होतं काय, उर्सनं झुरिकच्या एका चित्रकाराकडून दुकानाचं पोस्टर करून घेतलं. साल छप्पन्न, तिकडे तेव्हा सरळ रेघांचं नुसतं खूळ! त्यानं आधी कागदभर चौकटी आखल्या, मग एकेका चौकटीत चीजचं एकेक भोक मोजून बसवलं. पोस्टर इतकं गाजलं, इतकं गाजलं, की लोकांना उर्सचं खरं चीजच नकली वाटायला लागलं!

उर्स तडक झुरिकला. "साहेब, दुकान बुडतंय माझं! दोन-चार भोकं तरी इकडेतिकडे करा!"

चित्रकारानं असं बघितलं, जसं काही पोटच्या पोराचं नाक कापायला सांगितलंय. "शक्यच नाही! चित्र बरोबर आहे. चुकतंय ते तुमच्या गोठ्यात. गाई वाटेल तशा उभ्या असतात ना?"

उर्सला एकदम पटलंच ते! त्यानं खिशातून पेन्सिल काढली. "बरं, मग दोन गाईंमधे अंतर किती ठेवू?"